खालच्या थराचे बाळारामदादा

बाळारामदादांनी माझं तोंड पहिल्यांदा बघितलं ते आमची ओळख झाल्यावर तीन आठवड्यांनी. तोपर्यंत ते माझ्या पोटऱ्यांशी बोलायचे.

यात मला अपमान वगैरे काही वाटला नाही. माझं तोंड बघायचं राहिलं म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही. लग्नाच्या वेळी बायकोने फोटो बघून होकार दिला, पण तो फोटो माझ्या धाकट्या भावाचा होता असं ती अजून म्हणते.

मी मानपाड्याला एका फर्निचरच्या दुकानात माल पोचवायचं काम करतो. ज्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, तिथे शेठ मला पाठवतो. शाळा चौथीत सोडली. म्हणजे दोन वर्षं चौथीत बसलो, तिसऱ्या वर्षी त्या बाकात मी मावेना, म्हणून मास्तरच म्हणाले, राहू दे. दुकानात मला सगळे टेम्पो म्हणतात. खरं नाव शेठला पण माहीत नाही. मी सांगितलेलं, पण तो म्हणाला टेम्पो बरं आहे.

तर गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी मी एक तीन दरवाज्यांचं कपाट पाठीवर घेऊन तिसरा मजला चढत होतो. कपाट पाठीवर असलं की माणसाला फक्त पायऱ्या दिसतात. दुसऱ्या मजल्यावर आवाज आला, "थांब."

मला वाटलं गिऱ्हाईक असेल. थांबलो. कोणीतरी खाली बसलं आणि माझ्या पोटरीवर बोटाने टकटक केली. बायका माठ घेताना करतात ना, तशी. आधी उजवी, मग डावी.

"मूळचा कुठला रं तू?"

"घाटावरचा."

"दिसतंय. चढाचा पाय आहे. रविवारी सकाळी देवळाच्या मागं ये."

"दादा, कपाट..."

"कपाट नको आणू. तू ये."

आणि चपला फटफट करत गेले. मला त्यांचं तोंड दिसलं नाही, त्यांना माझं. मी रविवारी गेलो ते देवळात जेवण असेल म्हणून. जेवण नव्हतं. गोविंदा पथकाची प्रॅक्टिस होती.

बाळारामदादा इथलेच. म्हणजे इथे बिल्डिंगा नव्हत्या, भाताची शेतं होती, तेव्हापासूनचे. एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होते, आता रिटायर. वय अठ्ठावन्न. डोक्यावर एक केस नाही. पथकात एकतीस वर्षं खालच्या थरात उभे राहिले, तेही मधोमध, जिथे सगळ्यात जास्त वजन येतं. खालच्या थरात उभं राहायचं म्हणजे मान खाली घालून उभं राहायचं. एकतीस वर्षं माणसांचे पाय बघितले की तोंडं बघायची सवय जाते. दादांची गेली.

ते माणूस पोटरीवरून ओळखतात. आमच्याकडे निम्मी माणसं हाफ पँटवर फिरतात, त्यामुळे गल्लीत त्यांचं निभतं. लग्नाला गेले की पंचाईत. सगळे फुलपँटीत. मग ते एका खुर्चीवर बसून राहतात आणि कोणी नमस्कार केला की "हां हां" म्हणतात.

एकदा प्रॅक्टिसचा नारळ फोडायला एक पुढारी आलेले. कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा. आमचा अध्यक्ष निलेश, त्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्याने ओळख करून दिली, "दादा, हे साहेब."

दादा म्हणाले, "लेंगा वर करा बघू."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी केला. दादांनी वाकून बघितलं. "हार घालायला ठीक आहे," म्हणाले, "थरात नको."

आता त्या वर्षीची अडचण सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी आमचं पथक ठाण्याला सात थर लावायला गेलेलं. सहा लागले, सातवा लागता लागता खालून मोडलं. एकाचा हात प्लास्टरमध्ये गेला, वरची चार चांगली पोरं दुसऱ्या पथकात गेली. खालच्यातली पण चार माणसं सुटली. दादांनी स्वतःच सांगितलं, माझा गुडघा गेला, त्यानेच मोडलं, मी यापुढे थरात नाही. तर मग खाली उभं कोण राहणार?

निलेशचं म्हणणं होतं, ठाण्याहून जिमवाली पोरं आणू. त्याने मोबाईलवर फोटो पण दाखवले. "दादा, बॉडी बघा एकेकाची."

"आरशासमोर वाढलेलं अंग आहे हे," दादा म्हणाले. "थरात आरसा नसतो."

"मग तुम्ही कोण आणणार?"

"आणतो मी."

निलेश वाईट माणूस नाही, पण त्याला पण दहा लोक विचारतात. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ठीक आहे. या वर्षी तुमची माणसं. सात लागले तर लागले. नाही लागले तर पुढच्या वर्षी जिमवाले, आणि तुमचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू."

दादा बरं म्हणाले. पण शाल-श्रीफळ या गोष्टीला ते किती घाबरतात ते मला नंतर कळलं. ते म्हणायचे, "एकदा शाल दिली की माणसाला खुर्ची देतात. खुर्ची दिली की मैदानात येऊ देत नाय."

मग दादा महिनाभर मान खाली घालून डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण फिरले आणि पाच माणसं गोळा केली. एक पिठाच्या गिरणीवाला, दिवसभर उभा असतो म्हणून. एक परांची बांधणारा, फळीवर पाय कसा रोवायचा त्याला माहीत म्हणून. एक तबेल्यातला, म्हशीने लाथ मारली तरी बादली सोडत नाही म्हणून. एक देवळातला पुजारी, तो का घेतला ते कुणालाच कळलं नाही, पुजाऱ्याला पण. आणि पाचवा मी. मला कोणी विचारलं तर मी सांगायचो, माझी निवड झाली. बायको म्हणायची, कपाट निवडायला आलेले, तू खाली सापडलास.

पहिल्या रविवारी निलेशने आम्हा पाचांना बघितलं आणि पाठ फिरवून फोनवर बोलायला लागला. कोणाशी बोलत होता माहीत नाही. फोन वाजला नव्हता.

दादांची शिकवायची पद्धत अशी. आम्ही गोल करून उभे. हात एकमेकांच्या खांद्यावर. मग खांद्यांवर दुसरा थर चढणार, त्यावर तिसरा. आणि दादा बाहेर उभे राहून विचारणार, "आज भाजी काय?"

एकेकाने सांगायचं. भाजी नसेल तर आमटी. ते पण नसेल तर काल काय होती. पण बोलायचं. दादांचं म्हणणं, वजन आलं की माणूस श्वास धरून ठेवतो. श्वास धरला की अंग दगड होतं, आणि दगड कलंडतो. "बोलणारा माणूस पडत नाय," असं ते दर पाच मिनिटांनी म्हणायचे. आणि भाजीच का, तर राजकारण काढलं की मुंड्या वर होतात, क्रिकेट काढलं की हात सुटतात. भाजी बरी. भाजीवरून कोणी उसळत नाही.

म्हणजे वर लोक टाळ्या वाजवतायत, ढोल चाललाय, आणि खाली अंधारात पाच-पन्नास माणसं घामाने निथळत एकमेकांना सांगतायत, "दुधी." "गवार." "आमच्याकडे उपास आहे."

माझं पहिल्या रविवारी काय झालं, दोन माणसं खांद्यावर आली आणि दादांनी विचारलं, "टेम्पो, भाजी काय?" मी म्हटलं, "भ." एवढंच निघालं. दुसऱ्या रविवारी मी ठरवून गेलो. भाजी विचारल्यावर मी पावट्याची पूर्ण कृती सांगितली, खोबरं किती, वाटण कसं, आणि सांगता सांगता मला इतकी भूक लागली की गुडघ्यातलं बळच गेलं. गिरणीवाला म्हणाला, "दादा, याला विचारू नका."

दुसरा नियम एकच. वर बघायचं नाही. काही पडो, कोणी ओरडो. खालच्याची मान बोटभर उचलली की खांदा हलतो, आणि खालचा खांदा बोटभर हलला की वरचा माणूस हातभर हलतो. हे मला पटलेलं. पटलेलं असूनसुद्धा तिसऱ्या रविवारी माझ्या मानेवर काहीतरी थेंब पडला, आणि तो घामाचा आहे का पावसाचा आहे हे बघायला मी वर बघितलं.

चार थर खाली आले. एक माणूस माझ्या तोंडावर बसला.

दादांनी त्याला उचलून बाजूला केला आणि खाली मला बघितलं. नीट बघितलं. "हा तू होय," म्हणाले. "बरा आहेस की दिसायला."

मला वाटलं आता शिव्या बसणार. बाकीचे देतच होते. दादा माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "काय दिसलं वर?"

"एकाची चड्डी शिवणीत उसवलेली."

"अजून?"

"अजून काही नाही दादा. मग तोच खाली आला."

दादा उठले आणि लंगडत लंगडत बाजूला गेले.

या लंगडण्याचं सांगतो. दादा मैदानात आले की लंगडायचे. निलेश तर त्यांच्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन आलेला. पुढे काय झालं, दादांच्याच बिल्डिंगमध्ये एक पलंग पोचवायचा होता. पोचवला, तहान लागली, म्हटलं दादांकडे पाणी पिऊ. बेल वाजवली. आतून पावलं आली ती अशी भराभर, की मला वाटलं घरात कोणी पाहुणा आहे. दार उघडलं तर दादाच. त्यांनी खाली बघितलं, माझ्या पोटऱ्या ओळखल्या, आणि पाणी आणायला वळले ते लंगडत.

मला अक्कल कमी. मी म्हटलं, "दादा, तो गुडघा उजवा होता."

दादा थांबले. डाव्या पायाकडे बघितलं. मग आत जाऊन पाणी घेऊन आले, सरळ चालत, आणि म्हणाले, "बस."

भिंतीवर वहिनींचा फोटो होता, हार घातलेला. बाकी घरात एक खुर्ची, एक पलंग, आणि ओट्यावर एकच ताट उपडं घातलेलं.

"गुडघ्याला काय नाय झालं," दादा म्हणाले. "त्या वर्षी मी वर बघितलं."

पाणी अर्धं प्यायलेलं, भांडं मी तसंच हातात धरलं.

"एकतीस वर्षं झाली, मी एकदा पण हंडी फुटताना बघितली नाय. कशी बघणार? मान खाली. पण शालन, तुझी वहिनी, यायची. दरवर्षी यायची, ठाण्यापर्यंत यायची, पुढं उभी राहायची. आणि संध्याकाळी घरी आलो की मला जेवायला वाढायची आणि सांगायची. कोण चढला, कोण घसरला, वरच्याने पहिला हात कुठला घातला, समोर कौलांवर कोण बसलेलं, लोक काय बोलले. एवढं सांगायची, एवढं सांगायची, भात गार व्हायचा. मी बघितल्यासारखंच होतं ते. मला कधी वाटलं पण नाय की मी बघितलेलं नाय."

"हां."

"ती फेब्रुवारीत गेली. ऑगस्टमध्ये आम्ही ठाण्याला. सहा लागले. आणि माझ्या डोक्यात आलं, आज घरी गेल्यावर सांगणार कोण? म्हणून बघितलं."

"मग? दिसलं?"

"काय दिसणार? गोळाच खाली येत होता." त्यांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं. "ते सगळं त्या नवीन पोरावर ढकलणार होते, माझ्या शेजारी होता त्याच्यावर. म्हणून मी म्हटलं गुडघा. कोणाला बोलू नकोस रं."

मी म्हटलं नाही बोलणार. आणि नाही बोललो. आता लिहितोय ते वेगळं, दादांना विचारून लिहितोय. त्यांनी एवढंच सांगितलं की डाव्या-उजव्याचं ते लिहू नको. तेवढं माझ्याकडून राहून गेलं.

दहीहंडीच्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. नाका मोठा, चारी बाजूला उंच बिल्डिंगा, स्पीकर एवढे की छातीत ठोके बसत होते. आमच्या आधीच्या पथकातले खालचे सगळे जिमवाले होते. एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा. निलेश त्यांच्याकडे बघायचा, मग आमच्याकडे बघायचा. पुजारी जानवं सारखं करत होता. निलेशच्या बॅगेतून शालीची घडी डोकावत होती. सत्कार कुणाचा व्हायचा असेल तर आजच उरकू असं त्याला वाटलं असेल. दादांना ती दिसली नाही. ती त्यांच्या नजरेच्या वर होती.

गोल केला. मी मधे, जिथे दादा उभे राहायचे तिथे. शिट्टी वाजली. दुसरा थर आला. तिसरा आला. चौथा आला तेव्हा कपाट वगैरे सगळं विसरलो. कपाट गप्प असतं. ही माणसं थरथरत असतात, ते खांद्याला कळतं.

बाहेरून, अगदी गोलाला चिकटून, दादांचा आवाज आला. "गिरणी, भाजी काय?"

"भेंडी."

"तबेला?"

"कालचीच डाळ."

"भटजी?"

"उपास, दादा."

पाचवा चढला. सहावा. माझ्या उजव्या खांद्यावरचा पाय घसरायला लागला, आणि मी श्वास धरला. दगड झालो. मला कळत होतं मी दगड झालोय, पण दगडाला कळून उपयोग काय.

"टेम्पो."

मी गप्प.

"टेम्पो, भाजी काय आज?"

"नाही माहीत," मी म्हटलं. "बायको माहेरी गेलीय."

"का?"

"भांडण झालं."

"कशावरून?"

"दादा, आता?"

"आत्ताच. कशावरून?"

मग मी सांगितलं. ती हरभरे भिजवायला सांगून बाहेर गेलेली आणि मी विसरलो, हे सांगितलं. मग मी तिला, तुझ्या आईलाच बोलव भिजवायला असं बोललो, हे पण सांगितलं. शेजारी परांचीवाला म्हणाला, "चूक तुझी आहे." मी म्हटलं, "आहेच." गिरणीवाला म्हणाला, "उद्या घेऊन ये तिला." मी म्हटलं, "आणतो." एवढ्यात आरडाओरडा झाला, मानेवर गार पाणी पडलं, फुलं पडली, मडक्याचा एक तुकडा माझ्या पायाशी आला. मी वर बघितलं नाही. शिट्टी वाजली, एकेक थर उतरला, खांदा हलका झाला, आणि तरी मी मान खालीच घालून उभा. शेवटी परांचीवाल्याने हनुवटी धरून वर केली.

सात लागले. निलेश रडत होता. आधी जिमवाल्यांच्या पथकाकडे जाऊन रडला, मग आमच्याकडे आला. दादांना मिठी मारून म्हणाला, "पुढच्या वर्षी आठ. माणसं तुम्हीच बघायची." ती शाल त्याने पुजाऱ्याला दिली, तो भिजून कुडकुडत होता.

परत येताना आम्ही टेम्पोत मागे बसलेलो. मी म्हटलं, "दादा, या वर्षी तुम्ही बाहेर होतात. सांगा ना, कसं दिसलं?"

दादा आधी नको नको म्हणाले. मग सांगायला लागले. वरचा कसा चढला, आधी गुडघा टेकवला, मग उभा राहिला, पाय कापत होते. पहिला फटका हुकला. दुसरा नारळाने मारला. दही सगळं खालच्याच्या डोक्यावर आणि तो जिभेने चाटतोय. समोर कौलांवर बायका बसलेल्या, एकीच्या मांडीवर सूप, तांदूळ निवडता निवडता आलेली, हंडी फुटल्यावर तिने टाळी वाजवली आणि तांदूळ सगळे कौलांवरून घरंगळत खाली. टेम्पोत वीस माणसं होती, सगळी पुढे सरकून बसली. गिरणीवाल्याने तर डोळे मिटलेले. डोंबिवली कधी आली कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी निलेशने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून कोणीतरी काढलेला. मी दुकानात बसून बघितला. वरच्याने पहिल्याच फटक्यात हंडी फोडली, हाताने. आत दही नव्हतंच, पाणी आणि फुलं. आणि कौलं कुठून येणार? त्या नाक्यावर सगळे टॉवर. तिथलं शेवटचं कौलारू घर पडून किती वर्षं झाली असतील. मी काल टेम्पोत हे सगळं ऐकत होतो, मान हलवत होतो, आणि माझ्या डोक्यात एकदा पण आलं नाही. चौथीला दोन वर्षं उगाच नाही काढली.

मग मी तो व्हिडिओ परत लावला. वरून काढलेला, त्यामुळे सगळी गर्दी दिसते. हजार माणसं असतील, सगळ्यांची तोंडं वर, कॅमेऱ्याकडे. फक्त एका ठिकाणी, आमच्या गोलाला चिकटून, एक टक्कल दिसतं. पहिल्या थरापासून शेवटपर्यंत ते टक्कलच दिसतं. हंडी फुटली, सगळ्यांचे हात वर गेले, तरी ते टक्कल तसंच.

तेवढ्यात दादा दुकानासमोर आले. सरळ चालत. कोपऱ्यावर निलेश उभा दिसला, तिथून लंगडत.

"निलेशने व्हिडिओ टाकला म्हणे," ते म्हणाले. "बघितलास?"

"नाही दादा. फोन बंद पडलाय माझा."

फोन माझ्या हातात होता आणि त्यातून ढोल वाजत होता. दादांनी फोनकडे बघितलं. मी पण बघितलं. मग मी तो चालू असतानाच खिशात घातला आणि स्टूल पुढे केलं.

"बसा ना," मी म्हटलं. "काल टेम्पोत नीट ऐकू आलं नाही. परत सांगा. त्या कौलांपासून."

दादा बसले.